सरांची मंडळी

सरांनी मला पहिल्यांदा बाळंतिणीच्या खोलीत पाठवलं तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. हातात बर्फ भरलेली निळी पिशवी, पिशवीत निर्जंतुक नळ्या आणि हातमोजे, आणि डोक्यात सरांनी तीनदा म्हणून घेतलेल्या सूचना. "आधी तिला हात धुवायला सांग. मग छाती पुसायला. पहिले थेंब सोडून द्यायचे, ते त्वचेवरचं सगळं घेऊन येतात. मग नळी धर. घाई करायची नाही. आणि बाळ रडलं तर आधी बाळ, मग आपण." एवढं सांगून ते जिना उतरून गेले. थोड्या वेळाने मी गॅलरीतून खाली बघितलं. सर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर, इमारतीकडे पाठ करून उभे होते. पाऊण तासाने मी खाली आले तरी तसेच. वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिला पाणी प्यायला सांगितलंस ना? दूध दिल्यावर तहान लागते."

कल्याणच्या एका कॉलेजात सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. मी त्यांचीच विद्यार्थिनी. एमएस्सी झाल्यावर त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागलेले. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये संपली, पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते प्राचार्यांच्या मर्जीवर. राहायला मी डोंबिवलीत, आईबाबांकडे. सर ठाण्याला वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत एकटे राहायचे. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. त्यांची पीएचडी इतकी वर्षं चालू होती, की त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होऊन नातवंडांकडे परदेशी गेले होते. स्टाफरूममध्ये त्या पीएचडीचा विषय निघाला की लोक चहाच्या कपात बघून हसायचे. सरांचा विषय होता, आईच्या दुधातले उपकारक जिवाणू. कॉलेजात त्यांना 'दूधवाले सर' म्हणायचे. मुलंही म्हणायची, शिपाईही म्हणायचे. सरांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी दुधाच्या पिशवीचं चित्र काढून ठेवलेलं, तर त्याच चित्रात सरांनी खडूने लांबट काड्या काढल्या आणि म्हणाले, "रिकामी पिशवी काढलीत. आतली मंडळी राहिली."

मंडळी म्हणजे जिवाणू. सर जिवाणूंना कधी 'जंतू' म्हणाले नाहीत. "आज मंडळी वाढलेली नाहीत." "मंडळींना काल बहुतेक गरम झालं." ते असं बोलायचे आणि आपण काही विनोदी बोलतोय याचा त्यांना पत्ताही नसायचा.

माणूस असा वेडा का होतो याचं कारण लोकांना हवंच असतं. आमच्या स्टाफरूमने ते शोधून ठेवलेलं. कुणी म्हणायचं, सरांच्या बहिणीचं बाळ दुधाविना गेलं. कुणी म्हणायचं, यांची आईच बाळंतपणात गेली. मी एकदा धीर करून विचारलं. सर चकित झाले. "छे! आई चांगली ऐंशीपर्यंत जगली. आणि बहीण नाहीच मला." मग म्हणाले, "कारण सांगू का? आम्हाला पुस्तकात होतं, निरोगी बाईचं दूध निर्जंतुक असतं, त्यात काही सापडलं तर ती घाण बाहेरून आली. परीक्षेत मी तसंच लिहून मार्क घेतले. पुढे नोकरी लागल्यावर एकदा लोकलमध्ये बसून वाचलं, की नाही, दुधात मुळातच मंडळी असतात आणि ती आईकडून बाळाच्या पोटात जातात. पुस्तकात छापलेलं चुकीचं निघालं गं! मला इतका आनंद झाला, की मी दोन स्टेशनं पुढे गेलो."

एवढंच. पण हे कुणाला पटायचं नाही. एखाद्या माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडते, त्यामागे काही दुःख नसतं, हे पटायला अवघड असावं. मी स्टाफरूममध्ये सांगून बघितलं. त्या दिवसापासून 'बहिणीचं बाळ' जाऊन 'प्रेमभंग' आला.

सरांचं म्हणणं साधं होतं. आईच्या दुधातली काही मंडळी बाळाच्या आतड्यात जाऊन बसतात आणि वाईट मंडळींना जागा देत नाहीत. त्यातली एखादी चांगली, चिवट जात वेगळी काढता आली, पोटातल्या आम्लातून आणि पित्तातून ती जिवंत पार होते असं दाखवता आलं, तर पुढे कधीतरी, कुणीतरी, ती ज्या बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांच्यासाठी वापरून बघू शकेल. "त्यांना निदान शेजारच्या आईची मंडळी मिळावी," असं ते म्हणायचे, आणि लगेच स्वतःलाच अडवायचे. "मिळावी असं नाही. मिळू शकते का ते बघायचं. आपण फक्त बघायचं."

बघणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडे शिकले. दुधाचा थेंब पोषक जेलीच्या बशीवर पसरायचा. काही मंडळींना मोकळी हवा मानवत नाही, म्हणून बशा काचेच्या मोठ्या बरणीत ठेवायच्या, आत एक छोटी मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बंद करायचं. मेणबत्ती आतला प्राणवायू संपवत आणते आणि विझते. ती विझेपर्यंत सर बरणीसमोरून हलायचे नाहीत. विझल्यावर "झोपली" म्हणायचे आणि बरणी उबेच्या पेटीत सरकवायचे. दोन-तीन दिवसांनी बशीवर ठिपके उठायचे. मग एक ठिपका काचपट्टीवर घेऊन त्यावर पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. फसफसून बुडबुडे आले तर ती आपल्या कामाची मंडळी नाही. बुडबुडे आले नाहीत तर आशा आहे. बहुतेक वेळा बुडबुडे यायचेच. पण कधीतरी थेंब नुसता स्वच्छ, शांत पडून राहायचा, आणि सर माझा दंड धरून कुजबुजायचे, "काही होत नाहीये! बघ, काहीही होत नाहीये!"

मलाही त्या वेळी अंगावर काटा यायचा. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. घरी तर नाहीच. आई म्हणायची, "लग्नाची मुलगी तू, उद्या स्थळवाल्यांनी विचारलं काय काम करते, तर काय सांगू? बायकांचं दूध काढते?" मी म्हणायचे, "सर सांगतात ते करावं लागतं गं." घरात शांतता ठेवायला ते वाक्य बरं पडायचं.

मंडळींना सुट्टी नसते. ठरावीक दिवसांनी त्यांना नव्या नळीत, नव्या अन्नावर हलवावं लागतं, नाहीतर जुन्या नळीत उपाशी मरतात. त्यामुळे सर रविवारी कॉलेजात यायचे. गणपतीत यायचे, नवरात्रात टेंभी नाक्याच्या गर्दीतून वाट काढत यायचे. एका वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी फराळाचा डबा घेऊन गेलेले. सगळं कॉलेज बंद, कॉरिडॉरमध्ये अंधार, फक्त आमच्या प्रयोगशाळेत ट्यूब चालू. सर एकटेच बशांवरचे ठिपके मोजत होते, मोठ्याने. मोजून झाल्यावर जरा थांबायचे, जणू समोर कुणीतरी आकडा लिहून घेतंय. तिथे कुणी नव्हतं. मला बघून त्यांनी पटकन वही पुढे ओढली. चकली खाल्ली, म्हणाले, "आईंना सांग, खुसखुशीत झालीय." मग मीच म्हटलं, "सांगा आकडे, मी लिहिते." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी लिहीत बसले होते.

डोंबिवली आणि कल्याणच्या मधल्या एका गावात आम्ही एका आगरी घरी गेलेलो. गाव म्हणजे नावालाच. भातशेती आणि मिठागरं जाऊन त्यावर इमारती झालेल्या, त्यातली एक याच घराची. तळमजल्यावर आजी राहायची. तिच्या सुनेला महिन्यापूर्वी मुलगा झालेला. आजीने आधी आम्हाला ताक दिलं, मग काम विचारलं.

"आमचे सुनेचा दूध तुला कशाला पायजेल रं मास्तर?"

सरांनी समजावलं, की दुधात बारीक जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे, ते बाळाच्या पोटात जातात.

"किडं?" आजी उभी राहिली. "माझे नातवाचे पोटान किडं जातान? ऊठ! ऊठ तू आदी!"

आम्ही उठलो. सर दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि मग वळून म्हणाले, "आजी, ताक फार चांगलं होतं. विरजण कुठलं तुमच्याकडे?"

"आमचा घरचाच. माझे सासूचा."

"सासूबाई कधी गेल्या?"

"जाले की लय वरसं."

"म्हणजे रोज थोडं उरवून दुसऱ्या दिवशी त्याचंच लावता."

"मंग? दुसरा कसा लावतान?"

"तर मग सासूबाईंच्या हातचे जिवाणू अजून जिवंत आहेत तुमच्या भांड्यात," सर म्हणाले. "त्यांचेच भाऊबंद सुनेच्या दुधात आहेत का, तेवढं बघायचं होतं मला. येतो."

ते खरोखरच निघाले. कुणाचं मन वळवण्यासाठी ते बोललेच नव्हते, त्यांना विरजणाची माहिती हवी होती. आम्ही ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून हाक आली. "ओ बाय! तू ये. मास्तर तिकरंच ऱ्हाऊ दे."

मी आत गेले. सूनबाई माझ्यापेक्षाही लहान असेल. तिने सरांनी लिहिलेला संमतीचा कागद वाचला. तो सरांनी स्वतः मराठीत लिहिला होता, आणि त्यात शेवटी एक वाक्य होतं: 'आपण नाही म्हणालात तर मला अजिबात वाईट वाटणार नाही.' ते वाचून ती हसली आणि सही केली. बाहेर आजी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली, आणि दूर ट्रान्सफॉर्मरपाशी सर पाठ करून उभे.

त्या नमुन्याचा क्रमांक एक्केचाळीस. त्यातून एक मंडळी निघाली, जांभळ्या रंगात रंगणाऱ्या देखण्या काड्या. सरांनी तिला आम्लात ठेवलं, ती तगली. पित्तात ठेवलं, तगली. पुन्हा केलं, पुन्हा तगली. सरांनी तिसऱ्यांदा करायला मला लावलं, म्हणजे त्यांच्या हाताला तिचं प्रेम आहे म्हणून ती जगते की काय, ही शंका नको. माझ्याही हातून तगली. त्या दिवशी सर कँटीनमध्ये बसले. एरवी ते तिकडे फिरकायचेही नाहीत. दोन चहा मागवले. चहा संपवून म्हणाले, "आपलं काम झालं असं नाही हं. पण चाललंय."

आपलं, म्हणाले. तो शब्द मी ऐकला होता.

ते सगळं बिघडलं ते मार्चमध्ये. डोंबिवलीतल्या एका सोसायटीतली बाई, तिने आनंदाने नमुना दिलेला, सही केलेली. तिच्या नवऱ्याला ते शेजाऱ्यांकडून कळलं, आणि शेजाऱ्यांनी ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलेलं. 'सावधान! कॉलेजच्या नावाखाली घरात शिरून आईचं दूध नेतात आणि कंपन्यांना विकतात.' नवरा दोन मित्रांना घेऊन कॉलेजात आला. प्राचार्यांच्या खोलीत सरांना बोलावलं. मलाही.

"तू कशाला मागतो रे दूध? लाज वाटते का?" त्या नवऱ्याने विचारलं.

सरांना पहिल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं होतं. ते मनापासून सांगायला लागले. पुस्तकात काय होतं, पुढे काय सापडलं, बरणी, मेणबत्ती. सांगता सांगता त्यांचा चेहरा उजळला. एक मित्र मोबाइलवर ते चित्रित करत होता. त्या उजळलेल्या चेहऱ्याचाच व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला, खाली नको नको ते लिहून.

चौकशी समिती बसली. तीन जण. सरांच्या संशोधनाला परवानगी होती, पण तिची मुदत संपलेली. नूतनीकरणाचा अर्ज सरांनी दिलेला, तो पुढे गेला की नाही हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो कुणाच्या तरी कपाटात पडून होता. सरांची चूक एवढीच, आणि कागदावर ती मोठी दिसत होती.

मला एप्रिलमध्ये बोलावलं. समितीतल्या एका मॅडमनी मवाळपणे विचारलं, "सर कधी त्या बायकांच्या खोलीत यायचे का?"

"नाही. कधीच नाही. ते रस्त्यापलीकडे उभे राहायचे."

"छान. आणि तुमचं काय? तुमचं अजून लग्न झालेलं नाही. या कामात तुम्हाला संकोच वाटला? की स्वतःच्या इच्छेने करत होतात?"

बाजूला प्राचार्य बसले होते. जूनच्या नेमणुकांची यादी त्यांच्याकडेच होती. माझं लग्न ठरत आलं होतं, होणाऱ्या सासरच्यांनी तो व्हिडिओ बघितला होता आणि आईने त्यांना काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती. मी म्हणू शकले असते, की मला आवडतं. काही होत नाही तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. एक्केचाळीस नंबर माझ्याही हातून जगलाय. त्यातलं काहीच मी म्हटलं नाही. घरी सरावाचं झालेलं वाक्यच तोंडातून आलं.

"मला सांगितलं ते मी केलं, मॅडम."

त्यांनी ते लिहून घेतलं. अहवालात ते जसंच्या तसं आलं, अवतरण चिन्हांत. सरांना अहवालाची प्रत मिळाली.

सरांवर गैरवर्तनाचा ठपका आला नाही. संशोधन बंद करावं आणि गोळा केलेले सर्व नमुने नष्ट करावेत, एवढाच आदेश निघाला. सरांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "उद्या ऑटोक्लेव्ह लावू. पाणी भरून ठेव."

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. त्यात वाफेने सगळं मारतात. दुसऱ्या दिवशी सरांनी फ्रीज उघडला, एकेक नळी काढली, वहीत तिचा क्रमांक शोधला, त्यापुढे टिक केली आणि नळी टोपलीत ठेवली. मला वाटत होतं, एक्केचाळीसची एक तरी नळी ते खिशात टाकतील. नाहीतर मी टाकावी. माझी पर्स तिथेच खुर्चीला अडकवलेली. मी टाकली नाही. सरांनीही टाकली नाही. एक्केचाळीसच्या चार नळ्या होत्या, चारही टोपलीत गेल्या. झाकणाचे स्क्रू सरांनी घट्ट केले. वाफ सुटायला लागली, तो शिजलेल्या जेलीचा गोडसर करपट वास खोलीत पसरला. सर स्टुलावर बसून दाबाच्या काट्याकडे बघत होते. वेळ झाल्यावरही त्यांनी आच बंद केली नाही, मीच उठून केली.

समितीसमोरच्या माझ्या वाक्याबद्दल मला ते एक शब्द बोलले नाहीत, रागाचा तर नाहीच. पुढची दोन वर्षं आम्ही एकाच विभागात होतो. ते वेळेवर यायचे, शिकवायचे, पेपर तपासायचे, जायचे. मंडळी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. जिवाणू म्हणायचे, पुस्तकात असतं तसं. बंदीनंतरच्या पहिल्या काही रविवारी ते कॉलेजच्या गेटपर्यंत आले होते, असं वॉचमनने मला सांगितलं. "येतात, बाकावर बसतात, पाणी पितात आणि जातात. मी विचारलं, सर, काय काम? तर बोलले, काही नाही रे, पाय आले."

आगरी आजी मला डोंबिवलीच्या बाजारात भेटली, बऱ्याच महिन्यांनी. तिनेच ओळखलं. "मास्तर आलता गं आमचे घरी. येकलाच. दारान उभा ऱ्हायला, आत येना. बोल्ला, आजी, मी तुमाना सांगनार व्हतो ना काय निंगला ते. तं तुमचे सुनेचा लय चांगला निंगलेला, सगल्यांत चांगला. पन आता मेला." आजी पदराने तोंड पुसून हसली. "माझे काळजान धस्स झाला! मी बोल्ली, मेल्या, सून तं घरान भाकऱ्या थापतंय!" मग हसणं थांबवून म्हणाली, "ताक दिला. प्यायला नाय."

ते सगळ्यांकडे गेले होते, हे मला नंतर कळलं. ज्या ज्या बायांनी नमुने दिले त्या सगळ्यांकडे. काहींनी दार उघडलं नाही. जाताना त्यांनी मला सोबत येतेस का म्हणून विचारलं नव्हतं.

माझं लग्न झालं, मी ठाण्याला आले. नेमणूक दोनदा मिळाली आणि मग तीही गेली, प्राचार्य बदलले तसे. सर निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभाला मी गेले नाही. सातवा महिना होता, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलेलं. कारण खरं होतं. तरी मला त्या कारणाचं बरं वाटलं.

मुलगी लवकर आली, फार लहान. तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं आणि मला बाहेर खोलीत बसवून नर्स म्हणायची, "काढा दूध, जेवढं निघेल तेवढं, थेंबही चालतो." मी वाटीत थेंब थेंब काढायचे. ते नाकातल्या बारीक नळीने तिच्या पोटात जायचं. पहिल्या दिवशी जेमतेम तळ झाकला वाटीचा. नर्सने विचारलं, "पाणी प्यायलात का?" आणि मी एकदम रडायलाच लागले. तिला वाटलं, दूध कमी आलं म्हणून. मी त्या वाटीकडे बघत होते आणि मला दिसत होतं, की त्यात काय काय आहे. ते बघायला मला एकाच माणसाने शिकवलं होतं.

मुलगी आठ महिन्यांची झाल्यावर, बाळसं धरल्यावर, मी तिला घेऊन वर्तकनगरला गेले. वसाहत पुनर्विकासाला गेलेली, निम्मी घरं रिकामी, जिन्यात पोती. सरांच्या मजल्यावर एकच दार उघडं होतं. सरांनी जाळीतून बघितलं, ओळखलं, आणि दार उघडायच्या आधी आत जाऊन शर्ट घालून आले.

"या, बसा," ते मुलीला म्हणाले. मला म्हणाले, "तू पण बस."

घरात एकच खुर्ची. ती मला दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांना बाळ घेता येत नव्हतं, घ्यायचंही नव्हतं. ते तिच्याकडे तसेच टक लावून बघत होते. मी सांगितलं, लवकर आली, पेटीत होती, दूध काढून द्यावं लागायचं.

"पुरलं?"

"हळूहळू पुरलं."

"उत्तम," सर म्हणाले, आणि पंख्याचा वेग कमी करायला उठले.

बाळाला वारा लागू नये म्हणून उठलेले ते, पाठमोरे होते. मला वाटतं त्यामुळेच बोलता आलं. "सर, समितीसमोर मी जे बोलले..."

ते वळले नाहीत. रेग्युलेटरवर हात तसाच. "अगं, तुझी नोकरी होती. लग्न ठरत होतं. मला कळत नव्हतं का ते?"

"तरी..."

"व्हिडिओचं मला काही वाटलं नाही," सर म्हणाले. "लोक हसतातच. बंद झालं त्याचं वाटलं, पण ती माझी चूक, अर्ज मी बघायला हवा होता. ते वाक्य वाचलं तेव्हा मात्र..." त्यांनी रेग्युलेटरवरचा हात काढला. "सांगितलं ते केलं. मी परत परत वाचलं. मला वाटत होतं, तुला आवडतंय. एवढी वर्षं मला वाटत होतं, की आपण दोघं करतोय."

"आवडत होतं, सर."

"मग?"

 मुलगी पायांनी खुर्चीच्या हाताला लाथा मारत होती. मी पर्समधून पेन काढलं. टेबलावर सरांची वही होती, तिचं मागचं कोरं पान त्यांना विचारून फाडलं. मुलीला एका हाताने धरून लिहिलं, की मी हे काम माझ्या इच्छेने केलं, मला ते मनापासून आवडत होतं, एक्केचाळीस क्रमांकाच्या नमुन्याची तिसरी चाचणी मी स्वतः केली आणि तो जिवाणू माझ्या हातूनही जिवंत राहिला. खाली सही केली. कागद त्यांच्याकडे दिला.

सरांनी चष्मा लावला. चार ओळीच होत्या, पण ते फार वेळ वाचत बसले. मुलगी कुरकुरायला लागली तरी त्यांनी मान वर केली नाही. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"तारीख राहिली."

मी पेन घेतलं आणि थांबले. "कुठली घालू, सर?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, प्रेमानेही नाही. प्रयोगशाळेत एखादा आकडा चुकला की बघायचे तसं.

"आजचीच," ते म्हणाले. "दुसरी कुठली घालता येणार?"

मी आजची तारीख घातली.